पाण्याची पातळी आणि मुळांचा श्वास : एक चिकित्सा

मातीविना शेतीविषयीच्या लेखनात द्रावणाच्या पातळीला बहुधा गौण स्थान मिळते. टाकीतील द्रावण उतरले की ते पुन्हा भरावे, आणि हे काम तरंगता गोळा अथवा ध्वनिलहरींचा मापक यांच्याकडून आपोआप करवून घ्यावे, एवढ्यावर विवेचन थांबते. या भूमिकेत एक मूलगामी उणीव आहे. पातळी हे केवळ पाण्याचे माप आहे, असे ती गृहीत धरते. वस्तुतः ते मुळांना लाभणाऱ्या हवेचेही माप आहे.

हा विचार नवा नव्हे. १९३७ मध्ये 'हायड्रोपोनिक्स' हे नाव प्रचारात आणणारे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे गेरिके यांनी जाळीवरील रोपे आणि खालचे द्रावण यांमध्ये हवेसाठी जागा राखली होती. त्यांच्या उत्पन्नविषयक दाव्यांचा अतिरेक होगलंड व आर्नन यांनी १९३८ च्या पत्रिकेत दाखवून दिला, आणि तो आक्षेप रास्तच होता; तथापि मुळांना हवा हवी, याविषयी उभयपक्षी दुमत नव्हते. कारण उघड आहे. ऑक्सिजन पाण्यात हवेपेक्षा सुमारे १०,००० पटींनी सावकाश पसरतो. शिवाय २०° सेल्सिअसला लिटरभर शुद्ध पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळतो, तर ३०° ला जेमतेम साडेसात. आणि उष्म्यात मुळांची श्वसनाची गरज मात्र वाढते.

हवाई विद्यापीठाचे क्रॅटकी यांनी आपल्या अप्रवाही पद्धतीत हेच तत्त्व शेवटास नेले. पंप नाही, वायुवीजन नाही. रोप द्रावण पिते, पातळी उतरते आणि उघड्या पडलेल्या मुळांना दमट हवा मिळते. पातळी स्थिर राहिली किंवा उतरली तरी चालेल, पण ती वर चढवू नये, असा त्यांचा दंडक आहे. हवेला सरावलेली मुळे बुडाली तर रोपच गुदमरते. अशा टाकीवर 'पातळी कमी, भरा' अशी सूचना देणारे यंत्र बसविणे म्हणजे पिकाच्या नाशाची तरतूद करणे होय.

याउलट फिरत्या द्रावणाच्या व्यवस्थेत पातळी खालावली तर पंप कोरडा पडण्याचे भय असते. तेथे भरणे आवश्यकच. परंतु काय भरावे, हे पातळी सांगत नाही. कडक उन्हात रोपे क्षारांच्या मानाने पाणी अधिक शोषतात आणि उरलेले द्रावण दाट होते. तेथे पुन्हा पोषक द्रावणच ओतले तर क्षारांचा भार वाढतो. साधे पाणी की द्रावण, याचा निर्णय विद्युतवाहकता पाहूनच करावा लागतो.

सारांश, एकच आकडा एका टाकीत आरोग्याचे लक्षण ठरतो, तर दुसरीत संकटाचे. म्हणून पातळीमापनाच्या प्रयोगाचे मूल्य मापकाच्या सूक्ष्मतेवर ठरवू नये. पातळी किती आहे, यासोबत ती कोणत्या वेगाने उतरली, मुळांचा किती भाग हवेत आहे आणि द्रावणाचे तापमान व वाहकता काय, याची नोंद ज्या प्रबंधात नाही, तो टाकीचे वर्णन करतो, रोपाचे नव्हे.