'शॅल' म्हणजे नक्की काय?

शाळेतल्या इंग्रजीने 'शॅल' शिकवला तो 'आय' आणि 'वुई'च्या पाठोपाठ येणारा भविष्यकाळ म्हणून. बोलण्यातून तो आता जवळजवळ गेलाच आहे. कायद्यात मात्र पानोपानी भेटतो, आणि तिथे तो भविष्य सांगत नाही, हुकूम सोडतो. निदान आपला तसा समज असतो.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे हा प्रश्न फार पूर्वी मिटवला गेला. मार्च १९९७मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी 'आरएफसी २११९' हे दोन-तीन पानी टिपण लिहिलं. इंटरनेटच्या नियमांत 'मस्ट' आणि 'शॅल' यांचा अर्थ एकच: ही अट पाळायचीच. 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येईल, 'मे' म्हणजे तुमची मर्जी. २०१७मध्ये पुरवणी आली, की हे शब्द पूर्ण मोठ्या लिपीत असतील तरच हा अर्थ धरायचा. इतकं सरळ काम कायदेपंडितांना का जमू नये, असं कुठल्याही इंजिनिअरला वाटेल. मलाही वाटत होतं. पण निकाल वाचायला घेतले की प्रकरण तेवढं सोपं राहत नाही.

आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद ३२० घ्या. सरकारी नोकराच्या शिस्तभंगाच्या बाबतीत लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा असं तो सांगतो, आणि क्रियापदाला 'शॅल' लावून सांगतो. १९५७मध्ये मनबोधन लाल श्रीवास्तव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की असा सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही. कारणं वाचण्यासारखी आहेत. आयोगाचा सल्ला सरकारवर बंधनकारक नाही. आणि सल्ला न घेतल्यास काय होईल, हे घटनेत कुठेच लिहिलेलं नाही.

अमेरिकेतलं उदाहरण याहून जीवघेणं आहे. कोलोरॅडो राज्याचा कायदा पोलिसांना सांगत होता, की संरक्षण आदेश मोडणाऱ्याला अटक करा. क्रियापद पुन्हा 'शॅल'च. १९९९मध्ये कॅसल रॉक गावात एका बापाने असा आदेश असताना आपल्या तीन मुलींना नेलं. आई पोलिसांना पुन्हा पुन्हा फोन करत राहिली. तिन्ही मुली मेल्या. २००५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की आदेशाची अंमलबजावणी व्हावी असा घटनेने रक्षण केलेला हक्क त्या आईला नव्हता. अटक करायची की नाही हे पोलिसांनी ठरवण्याची परंपरा जुनी आहे. नुसत्या 'शॅल'ने ती मोडत नाही.

यावर सोप्या इंग्रजीच्या चळवळीचा उपाय ठरलेला आहे: 'शॅल' हाकला, 'मस्ट' आणा. ब्रायन गार्नर यांच्यासारखे कोशकार वर्षानुवर्षं हेच सांगत आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या घटनेने 'मस्ट' स्वीकारला. अमेरिकेच्या दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतून २००७मध्ये 'शॅल' गेला. मला हा उपाय पटतो, पण अर्धाच. 'मस्ट'मध्ये भविष्यकाळाची भेसळ होत नाही, हा फायदा खरा. पण वरच्या दोन्ही निकालांत न्यायाधीश अडले ते शब्दापाशी नव्हेत. नियम मोडला तर पुढे काय, आणि दाद मागायचा हक्क कोणाला, या प्रश्नांपाशी ते अडले. तिथे 'मस्ट' असता तरी ते प्रश्न उरलेच असते.

आमच्या टिपणातला 'मस्ट' चालतो तो ब्रॅडनरांच्या व्याख्येमुळे कमी आणि समोरच्या यंत्रामुळे जास्त. अट मोडली की बहुतेक वेळा समोरचं यंत्र संदेश नाकारतं आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडते. कायद्यात समोर माणूस असतो, आणि त्याला दुर्लक्ष करता येतं.

मराठीत आणखी एक गुंता. 'करावे', 'केले पाहिजे', 'करावेच लागेल' असे चढत्या सक्तीचे प्रकार आपल्याकडे असताना कायद्याच्या मराठीने 'शॅल'साठी बहुतेक ठिकाणी 'करील' आणि 'असेल' घेतले. म्हणजे इंग्रजीतली संदिग्धता आपण पदरमोड करून विकत घेतली. सवय नसलेल्या वाचकाला 'शासन करील' हे कर्तव्य न वाटता आश्वासन वाटतं, आणि शासनाची आश्वासनं आपल्या ओळखीची आहेत.

घटनेतच या शब्दाचे दोन टोकाचे उपयोग शेजारी शेजारी सापडतात. अनुच्छेद ३७ एका 'शॅल'ने मार्गदर्शक तत्त्वांना न्यायालयाचा दरवाजा बंद करतो आणि दुसऱ्या 'शॅल'ने तीच तत्त्वं लागू करणं राज्याचं कर्तव्य ठरवतो. पहिला 'शॅल' न्यायालय पाळतं. दुसरा पाळला नाही तर नुसत्या त्या तत्त्वाच्या बळावर दाद मागता येत नाही. उलट अनुच्छेद १७ पाहा. अस्पृश्यता नष्ट केली आहे, हे सांगताना तिथे 'शॅल' नाहीच, सरळ वर्तमानकाळ आहे. 'शॅल' येतो तो पुढच्या वाक्यात, अस्पृश्यतेतून कोणावर निर्बंध लादणं हा कायद्याने शिक्षापात्र गुन्हा ठरवताना. आधी घोषणा, लगेच परिणाम.

माझ्या भाडेकरारात भाडेकरूच्या प्रत्येक 'शॅल'मागे दंडाची रक्कम आहे. घरमालकाने अनामत परत करण्याच्या 'शॅल'मागे तारीखही नाही. दोन्हीकडे शब्द तोच. म्हणून करार हातात आला की 'शॅल' आहे की 'मस्ट' यावर वेळ घालवू नये. त्याच्या पुढचं वाक्य शोधावं. ते नसेल तर सही करण्याआधी लिहून मागावं.