भरलेली पट्टी, रिकामी फाइल

पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी 'इजेक्ट'च्या खुणेवर टिचकी मारावी, हा नियम संगणकाच्या पहिल्या तासालाच सांगितला जातो. तो कशासाठी, हे क्वचितच सांगतात. मग विद्यार्थी तो दोनचारदा मोडतात, काही बिघडत नाही असे पाहतात आणि सोडून देतात. आम्हीही त्यांतलेच. प्रयोगाच्या नोंदींची नक्कल झाल्याचे दाखवणारी पट्टी पूर्ण भरली, म्हणून आम्ही एकदा पेनड्राइव्ह उपसला. दुसऱ्या संगणकावर फायलींची नावे दिसली. शेवटच्या काहींचा आकार मात्र शून्य होता.

चूक आमची खरी, पण सगळीच आमची का? लिनक्समध्ये फाइल 'लिहिली' म्हणजे ती आधी संगणकाच्या स्मृतीत जाते आणि पेनड्राइव्हवर मागाहून उतरते. शाळेच्या कचेरीत पत्राची जावक नोंदवहीत नोंद व्हावी आणि पत्र टेबलावरच असावे, तसे. प्रणालीच्या मूळ मांडणीत दर ५ सेकंदांनी पाहणी होते आणि ३० सेकंदांहून जुना, न उतरलेला मजकूर लिहायला घेतला जातो. असा मजकूर उपलब्ध स्मृतीच्या १० टक्क्यांपुढे गेला तर त्याआधीच. २० टक्क्यांवर गेला तर लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवले जाते. ८ जीबी स्मृतीच्या संगणकात काहीशे एमबी मजकूर असा वाटेत असू शकतो. योजना चांगलीच आहे. मंद साधनापायी संगणकाने खोळंबावे कशाला?

आमचा आक्षेप पट्टीवर आहे. ती स्मृतीत गेलेला मजकूर मोजते आणि आपण समजतो की पेनड्राइव्हवर गेलेला. 'ग्नोम' या लिनक्सच्या लोकप्रिय डेस्कटॉपवर इजेक्ट केले, की मजकूर लिहिला जात आहे, साधन काढू नका, अशी सूचना येते. म्हणजे खरी स्थिती संगणकाला ठाऊक असते. विचारणाऱ्यालाच तेवढी सांगितली जाते! विंडोज १० मध्ये २०१८ पासून उलट निवड केलेली आहे: वेग थोडा कमी झाला तरी चालेल, पण मजकूर अडवून ठेवायचा नाही.

पेनड्राइव्हवर बहुधा 'फॅट' कुळातली मांडणी असते. तीत फाइलचे नाव एकीकडे, तिचे तुकडे कोठे आहेत याचा तक्ता दुसरीकडे आणि मजकूर तिसरीकडे. मध्येच उपसले तर नाव उरते, बाकीचे राहून जाते.

कधी इजेक्ट केल्यावर 'साधन वापरात आहे' असा नकार मिळतो. त्यावर चिडणारे पुष्कळ. आम्हाला मात्र हाच या व्यवस्थेतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. बहुतेक वेळा एखादी फाइल उघडी असते, किंवा टर्मिनलची खिडकी पेनड्राइव्हमधल्याच फोल्डरात उभी असते. ती बंद करावी. 'तरीही काढा' म्हणू नये.

वर्गात घड्याळ लावून पाहता येईल. एखादी मोठी चित्रफीत पेनड्राइव्हवर घ्या. पट्टी भरल्याची वेळ टिपा, लगेच इजेक्ट करा आणि काढण्यास हरकत नाही असा संदेश येईपर्यंतची वेळ टिपा. पेनड्राइव्ह जुना आणि मंद असला तर फरक अधिक ठळक दिसेल.