श्रेय, प्रेय आणि तीनशे पंधरा यार्ड

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने गोल्फवर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. मी खेळतो, पण वाईट खेळतो. तरीही आजचा विषय मला माझ्या वर्गातलाच वाटतो.

प्रश्न साधा आहे. गोल्फमध्ये ‘पार फोर’ म्हणजे चार फटक्यांत पुरा करायचा होल. आजकाल असे होल साडेचारशे-पावणेपाचशे यार्डांचे सर्रास असतात. पण जाणकार ज्यांच्यावर तासन्‌तास वाद घालतात, त्यांतले बरेच जेमतेम तीनशे-साडेतीनशे यार्डांचे असतात. हा आखूड होल थोर कशामुळे ठरतो?

नेहमीचं उत्तर असं, की तिथे पहिल्याच फटक्यात ग्रीन गाठण्याचा मोह होतो: धोका पत्करा, बक्षीस मिळवा. मला हे उत्तर अपुरं वाटतं. ग्रीनसमोर एक तळं खोदलं तरी धोका आणि बक्षीस तयार होतं. पण तिथे फक्त धाडसाची परीक्षा होते. चेंडू पाण्यात गेला, विषय संपला. त्यात विवेकाला काही काम नाही.

आता एक खरं उदाहरण घेऊ. लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा क्लबचा दहावा होल, लांबी ३१५ यार्ड. आखणी जॉर्ज थॉमस यांची, सोबत बिली बेल. थॉमस हे गुलाबांचेही मोठे जाणकार. गोल्फच्या मैदानांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक १९२७ चं. या होलवर पाणी नाही. टीवर उभं राहिलं की फेअरवे चांगला ऐसपैस दिसतो. मग अडचण कुठे आहे? ती ग्रीनमध्ये आहे. ग्रीन अरुंद, तिरकं आणि बंकरांनी घेरलेलं. डावीकडून आलात तर त्याची लांबी तुमच्या समोर येते. उजवीकडून आलात तर फक्त रुंदी. शिवाय उजवीकडून मारलेला चेंडू उतारावरून पलीकडे निसटतो.

म्हणजे पहिला फटका कुठे मारायचा, हे दुसरा फटका ठरवतो. शेवटाकडून मागे विचार करत यायचं. ॲरिस्टॉटल ज्याला व्यवहारातलं शहाणपण म्हणतो, ते हेच. डावीकडे मध्यम लांबीचा फटका मारला तर ग्रीनपासून थोडं दूर राहावं लागतं, पण वाट मोकळी मिळते. सरळ ग्रीनवर झेपावलात आणि जरा उजवीकडे चुकलात, तर झेंडा पंचवीस पावलांवर असूनही चेंडू त्याच्याजवळ थांबवता येत नाही. जवळ असणं आणि चांगल्या जागी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला फरक सांगतो, तो इथे गवतावर आखलेला आहे.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो असताना तिथली स्पर्धा पाहायला गेलो होतो. ग्रीनजवळ दोरीपाशी उभा होतो. एका व्यावसायिकाचा चेंडू उजव्या बंकरमध्ये आला. त्याने तो बाहेर काढला, तो ग्रीन ओलांडून थेट समोरच्या बंकरमध्ये. लोक हसले. मला मात्र सॉक्रेटिस आठवला. तो म्हणे, जाणूनबुजून कोणी चुकत नाही. चूक म्हणजे अज्ञान. पण या खेळाडूला सगळं ठाऊक होतं! ॲरिस्टॉटलने त्यावर हरकत घेतली होती: माणसाला कळतं, पण वळत नाही.

इथे तुलनेला सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा बारावा होल घ्या. तोही आखूड, साधारण ३५० यार्डांचा. तिथले फेअरवेतले बंकर टीवरून दिसतच नाहीत, कारण हे मैदान पूर्वी उलट्या दिशेनेही खेळलं जाई. नवखा तिथे अज्ञानाने फसतो. होल मोठाच आहे, पण एकदा माहिती झाली की त्याचं निम्मं गूढ उरतं. रिव्हिएराचा दहावा माहिती झाल्यावर खरा सुरू होतो. माझ्या लेखी तो म्हणून वरचढ.

२०१२ सालची गोष्ट. बिल हास, फिल मिकेलसन आणि कीगन ब्रॅडली यांच्यातली बरोबरी इथेच सुटली. हासने चाळीस फुटांहून लांबचा पट घातला आणि जिंकला. लांबलचक होलांची परीक्षा नव्हती ती. तीनशे पंधरा यार्ड पुरले.

आता आक्षेप. तुम्ही म्हणाल, आजचे खेळाडू तीनशे यार्ड सहज मारतात. मग निवड उरलीच कुठे? आक्षेप खरा आहे. हल्ली बरेच जण सरळ ग्रीनवरच जातात, कारण चुकलं तरी फार बिघडत नाही असा त्यांचा हिशेब असतो. सगळे एकच निवडू लागले, की ती निवड राहत नाही, रिवाज होतो. पण यावर होल लांबवणं हा उपाय नव्हे. लांबवलात तर माझ्यासारखा सत्तरीतला माणूस, जो एकशे साठ यार्डांचे दोन बरे फटके मारून तिथे पोहोचू शकतो, तो बाद होतो. दोष चेंडूत असेल तर चेंडू बदला. आर अँड ए आणि यूएसजीए या नियामक संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूची चाचणी कडक करायचं जाहीर केलं, ते मला म्हणूनच योग्य वाटतं.

तर माझी कसोटी ही: थोर आखूड होल दुबळ्याला वाट देतो, बलवानाला मोह देतो, आणि दोघांनाही विचार करायला लावतो. २०२८ च्या ऑलिंपिकचं गोल्फ रिव्हिएरावर व्हायचं आहे. दहाव्या टीवर खेळाडू पिशवीतून कोणती काठी काढतो, तेवढं बघा. चेंडू कुठे पडला ते नंतर बघितलं तरी चालेल.

इथे थांबतो.