जात चोरणे आणि रंग लपवणे : लार्सन आणि बागूल यांचे तुलनात्मक वाचन

प्रस्तावना

अमेरिकन आणि ब्रिटिश साहित्यातील वंश, लिंगभाव आणि अस्मिता या घटकावर प्रश्न आला, की उत्तरात एक वाक्य लिहिण्याचा मोह होतो : वंश डोळ्यांना दिसतो, जात दिसत नाही. हे वाक्य अर्धेच खरे आहे. या पाठात आपण ते दोन कृतींवर घासून पाहू. एक, नेला लार्सन यांची 'पासिंग' (१९२९) ही कादंबरी. दुसरी, बाबुराव बागूल यांच्या १९६३ च्या संग्रहातील 'जेव्हा मी जात चोरली होती' ही शीर्षककथा.

पार्श्वभूमी

मराठीला ही तुलना नवी नाही. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. मात्र दोन चळवळींत नाते आहे म्हणून दोन समाजांतील साहित्य सारखे ठरत नाही. ते वाचूनच ठरवावे लागते.

रंग दिसतो का?

'पासिंग'मधील आयरीन आणि क्लेअर या दोघी कृष्णवर्णीय समाजातल्या, पण दिसायला गोऱ्या. क्लेअरने गोऱ्या माणसाशी लग्न केले आहे आणि त्याला तिचे मूळ ठाऊक नाही. शिकागोतील एका हॉटेलच्या गच्चीवर दोघी योगायोगाने भेटतात. एक अनोळखी बाई आपल्याकडे टक लावून पाहते आहे, हे लक्षात येताच आयरीन घाबरते : हिने आपल्याला ओळखले तर नाही? म्हणजे इथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. वंश कातडीवर नाही, वंशावळीत आहे. व्हर्जिनिया राज्याच्या १९२४ च्या कायद्याने तर कृष्णवर्णीय पूर्वजाचा अंशही गोरेपण नाकारायला पुरेसा ठरवला होता. इतपत पाहिले तर हा वंश आपल्या जातीच्या फार जवळ येतो.

बागूलांचा निवेदक रेल्वेत नोकरीला लागून गुजरातेत येतो. खोली शोधताना त्याला जात विचारली जाते. तो ती सांगत नाही, आणि लोक त्याला वरच्या जातीचा समजून मान देतात. त्याच गावात काशिनाथ हा दुसरा दलित कामगार जात न लपवता रोज अपमानाशी झुंजतो. शेवटी निवेदकाचे बिंग फुटते, त्याला मारहाण होते आणि काशिनाथच त्याला सोडवतो. शीर्षकातील 'चोरली' या क्रियापदाकडे लक्ष द्या. जात त्याचीच, तरी ती न सांगणे ही चोरी ठरते. ही भाषा त्याची नाही, विचारणाऱ्यांची आहे. कथेतला उपरोध तिथे आहे.

फरक कुठे आहे?

पहिला फरक स्पर्शाचा. क्लेअरच्या जगात गोऱ्या घरांत कृष्णवर्णीय स्वयंपाकीण चालते, दाई चालते; तिथे मुख्य भीती बरोबरीच्या नात्याची, विशेषतः लग्नाची आहे. बागूलांच्या कथेत एका छपराखाली राहणे, एका पंगतीत जेवणे हाच गुन्हा आहे.

दुसरा फरक लिंगभावाचा. निवेदकाचे गुपित खोलीच्या दारात आणि कामाच्या ठिकाणी उघडे पडू शकते. क्लेअरचे गुपित तिच्या गर्भात आहे. मूल सावळे निपजले तर, या भीतीत तिने नऊ महिने काढले. कादंबरीत उल्लेख असलेला ऱ्हाइनलँडर खटलाही हेच सांगतो. पत्नीने वंश लपवला, असा श्रीमंत गोऱ्या पतीचा आरोप होता. १९२५ च्या सुनावणीत पुरुष ज्युरींना पत्नीच्या अंगाचा रंग दाखवण्यात आला. निकाल तिच्या बाजूने लागला, पण पुरावा म्हणून शरीर उघडे करावे लागले ते तिलाच.

बागूलांच्या कथेत दलित स्त्रीचा स्वतःचा आवाज नाही. त्यासाठी बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) सोबत वाचा. त्यांनी हे लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. जात बाहेर नडत होती, लिहिणारी बाई घरातही लपत होती.

नावाचा प्रश्न

ब्रिटिश साहित्याच्या भागात जीन ऱ्हीस यांची 'वाइड सारगासो सी' (१९६६) वाचताना हाच धागा धरा. तिथे इंग्रज नवरा आपल्या कॅरिबियन बायकोचे आंत्वानेत हे नाव बाजूला सारून तिला बर्था म्हणू लागतो. इथे ओळख लपवली जात नाही, लादली जाते.

रायपुरात शिकणाऱ्यांना तिसरी शक्यता जवळच सापडेल. गुरू घासीदास यांच्या अनुयायांनी अपमानकारक जातिनाम टाकून 'सतनामी' ही ओळख स्वीकारली. 'तू कोण?' या प्रश्नाला त्यांनी स्वतः निवडलेले उत्तर दिले. तेवढ्याने भेदभाव संपला नाही, पण उत्तर ठरवण्याचा हक्क त्यांनी आपल्याकडे घेतला.

सारांश

अस्मिता म्हणजे पात्राच्या आत दडलेली वस्तू, असे समजून उत्तर लिहू नका. प्रत्येक कृतीत तीन गोष्टी शोधा : ओळख कोण विचारतो, कोणाला सांगावी लागते आणि न सांगण्याची किंमत कोण मोजतो. क्लेअर शेवटी खिडकीतून खाली पडते. ती पडली की ढकलली गेली, हे लार्सन उघड करत नाहीत. निवेदक मार खातो, पण त्याला सोडवायला काशिनाथ येतो. क्लेअरसाठी असा काशिनाथ का नाही, याचे उत्तर शोधाल तर वंश आणि लिंगभाव एकमेकांत कसे गुंततात, हे तुम्हाला व्याख्या पाठ न करता सांगता येईल.

स्वाध्याय

१. 'चोरली' या शब्दामुळे बागूलांच्या कथेचा दृष्टिकोन कसा ठरतो?
२. आयरीनही गरजेपुरता रंग लपवते. मग ती क्लेअरला दोष का देते?
३. तुमच्या परिसरात ओळख विचारण्याच्या कोणत्या आडवाटा आहेत? त्यांपैकी एकीची तुलना 'पासिंग'मधील प्रसंगाशी करा.