पुनरारंभाची मीमांसा : भूमिकाप्रधान संगणकीय खेळ आणि नवनवी पात्रे

तुळजापूर येथे शारदीय नवरात्रात श्रीतुळजाभवानीच्या मूर्तीवर ज्या विशेष अलंकारपूजा बांधल्या जातात, त्यांत रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशायी अलंकार, भवानी तलवार अलंकार आणि महिषासुरमर्दिनी अलंकार यांचा समावेश होतो. एके दिवशी देवी मुरलीधराच्या वेषात दिसते, दुसऱ्या दिवशी शेषावर पहुडलेल्या विष्णूच्या, तर आणखी एके दिवशी ती शिवरायांना तलवार देत असते. मूळ अष्टभुजा मूर्ती महिषासुरमर्दिनीचीच असल्यामुळे त्या नावाच्या अलंकारात देवी, म्हणावयाचे तर, स्वतःचीच भूमिका घेते. रूपे पालटली तरी काल पाहिलेले रूप आज पुसले जात नाही. मूर्ती एक असल्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात ही रूपे एकमेकांशेजारी साठत जातात आणि नवमीचे दर्शन आदल्या दर्शनांनी भारलेले असते.

रूप पालटण्याची ही कल्पना धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्याला लहानपणापासून परिचित आहे. आज त्याच्यापुढे याच जातीचा, पण वेगळ्या स्वभावाचा एक प्रकार आला आहे. संगणकावरील भूमिकाप्रधान खेळ, ज्यांना खेळणारे ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात, त्यांत एक पात्र घडवावयाचे, काही तास ते चालवावयाचे, कथानक रंगात येण्याच्या सुमारास ते टाकून द्यावयाचे आणि पुन्हा पहिल्यापासून दुसरे पात्र घडवावयास बसावयाचे, ही सवय खेळणाऱ्यांत इतकी रुळलेली आहे की तिला ‘रीस्टार्टायटिस’ असे विनोदी आजारवाचक नावही मिळाले आहे. एकाच खेळाचा आरंभ अनेकदा पाहिलेला आणि शेवट एकदाही न पाहिलेला खेळणारा या वर्तुळात दुर्मीळ नाही. या सवयीकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहावयाचे, तिला एक वाचनपद्धती मानून तिचे मूल्यमापन करावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रकाराचे मूळ संगणकात नाही. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, विवेक आणि इतरांवर छाप पाडण्याची शक्ती असे सहा गुण फाशांनी ठरवावयाचे आणि त्यांतून एक मनुष्य उभा करावयाचा, ही रीत त्याने रूढ केली. पुढे संगणकाने फासे आपल्या हाती घेतले, परंतु कथेच्या आधी पात्र घडविण्याचा विधी तसाच राहिला. कुल, व्यवसाय, गुणांचे वाटप, चेहरा आणि शेवटी नाव, एवढे ठरल्याशिवाय कथेचा पडदा वर जात नाही.

पुनरारंभाचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण म्हणजे खेळणाऱ्याचा चंचलपणा. त्याला चिकाटी नाही, म्हणून तो शेवटापर्यंत जात नाही, असे सांगितले की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. परंतु हाच मनुष्य पात्र घडविण्यात तासन्‌तास घालवितो, गुणांची बेरीज-वजाबाकी कागदावर मांडतो, नावासाठी अडून बसतो. जेथे एवढी चिकाटी आहे तेथे चंचलपणाचा आरोप टिकत नाही. चिकाटी एका भागात एकवटते आणि दुसऱ्या भागात आटते, तेव्हा दोष शोधावयाचा तो त्या दोन भागांच्या सांध्यात.

सांध्यांचा विचार आपल्या नाट्यशास्त्राने बारकाईने केलेला आहे. आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम या कार्याच्या पाच अवस्था, आणि त्यांना अनुसरून मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण हे पाच संधी. ‘दशरूपका’तील व्यवस्था येथे लक्षात घेण्यासारखी आहे. नाटक व प्रकरण यांना पाचही संधी लागतात. डिम व समवकार यांत विमर्श गळतो, व्यायोग व ईहामृग यांत गर्भ आणि विमर्श हे दोन्ही गळतात, आणि भाण, प्रहसन, वीथी व अंक यांना मुख आणि निर्वहण एवढे दोनच पुरतात. म्हणजे मधले सारे वगळण्याची मुभा शास्त्राने दिली आहे, निर्वहण वगळण्याची मुभा मात्र एकाही रूपकाला नाही. पुनरारंभी खेळणारा मुखसंधी रचतो, प्रतिमुखात थोडा वावरतो आणि परत मुखाकडे येतो. दहांपैकी कोणत्याच रूपकात न बसणारी ही रचना आहे.

शास्त्रात बसत नाही एवढ्यावरून ती निकृष्ट ठरविणे घाईचे होईल, कारण शास्त्रकारांनी गृहीत धरलेली एक विभागणी येथे मोडलेली आहे. नाटकात कवी वेगळा, नट वेगळा, प्रेक्षक वेगळा. या खेळांत तिघे एकाच देहात राहतात, पण एकाच वेळी नाही. पात्र घडविताना खेळणारा कवी असतो. हा मनुष्य कोठून आला, त्याने काय गमावले, तो कोणाला भितो, हे सारे तो मनाशी रचतो आणि त्या रचनेला कोणाची आडकाठी नसते. कथानक सुरू झाले की त्याच्या हाती दुसऱ्याने लिहिलेली संहिता येते व तो नट होतो. संहितेतील कोणत्याही वाक्याला त्याने मनाशी रचलेल्या पूर्ववृत्ताचा पत्ता नसतो. पुनरारंभ म्हणजे नटाने पुन्हा कवी होण्याची धडपड होय. ती ज्या क्षणी होते तो क्षण समीक्षकाला महत्त्वाचा, कारण संहितेने कवीला कोठे वाऱ्यावर सोडले हे त्यावरून समजते.

‘स्कायरिम’ या ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झालेल्या खेळाचे उदाहरण घेतले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. त्याचा आरंभ नाट्यदृष्ट्या फार समर्थ आहे. हात बांधलेल्या अवस्थेत, कैद्यांच्या गाडीतून, हेल्गेन नावाच्या गावी नायक शिरच्छेदासाठी नेला जात आहे. तेथे यादी वाचली जाते आणि ‘तू कोण?’ असे विचारले जाते. त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल खेळणारा दहा कुलांपैकी एक निवडतो, चेहरा घडवितो, नाव देतो. मग कळते की यादीत हे नाव नाहीच, तरीही अधिकारी त्याला ओंडक्याकडे पाठविते. मरणाच्या उंबरठ्यावर नाव धारण करणारा आणि यादीत नसतानाही मरणास पात्र ठरलेला हा मनुष्य कोण, याविषयीचे कुतूहल कोणत्याही चांगल्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणाने हेवा करावा असे आहे. ड्रॅगनच्या हल्ल्याने शिरच्छेद टळतो आणि सारे जग मोकळे होते.

येथपर्यंत प्रतिज्ञा आहे. पुढे तिचे काय होते? मांत्रिक घ्या, दंडधारी योद्धा घ्या, भुरटा चोर घ्या, गुहा त्याच, शत्रू तेच, आणि त्या गुहांत अंधारात दबा धरून बाण मारणे हाच सर्वांत लाभदायक मार्ग. कोणतेही पात्र घेतले तरी ते शेवटी लपून बाण मारणारा धनुर्धरच होते, हा या खेळाविषयीचा जुना विनोद आहे, आणि विनोदात टीका किती नेमकी असू शकते याचा तो नमुना होय. दहा कुले मुखसंधीत भिन्न असतात, गर्भसंधीत ती एकरूप होतात. खेळणारा तेथे थांबतो, कारण त्याने रचलेले पात्र तेथे मेलेले असते. फक्त खेळाला ते कळलेले नसते. खेळणाऱ्यांपैकीच एकाने ‘लिव्ह अनदर लाइफ’ या नावाची जोड तयार करून कैद्यांच्या गाडीऐवजी इतर अनेक आरंभ उपलब्ध करून दिले आणि ती अतिशय लोकप्रिय झाली. नवा शेवट कोणी मागितला नाही, नवे आरंभ मागितले, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. तथापि रोग गर्भसंधीत असता औषध मुखसंधीला लावले गेले, असेही म्हणावे लागेल.

अनेक रूपे घेणे आणि शेवटास जाणे यांत मूलतः विरोध आहे काय? एकनाथांची भारुडे पाहिली तर तसे दिसत नाही. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या अशी एकामागून एक सोंगे त्यांनी घेतली आणि प्रत्येक वेळी बोली, लकब, जगण्याचा कोन नव्याने उभा केला. पण प्रत्येक सोंग थोडक्या ओळींत आपल्या परमार्थाशी पोचते. भाणासारखेच येथे मुख आणि निर्वहण एवढेच आहे आणि मधली लांबण नाही. शंभर तासांच्या कथेला दहा प्रकारची पात्रे पेलवत नाहीत, पण दहा ओळींच्या भारुडाला ती पेलवतात. खेळांच्या रचनाकारांनी विस्ताराला समृद्धी समजण्याची जी चूक वारंवार केली आहे तिचे हे एक उत्तर आहे.

दुसरे उत्तर ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’ या डिसेंबर १९९९ मधील कृतीने दिले आहे आणि ते अधिक खोल आहे. तिचा नायक शवागारात जागा होतो. त्याला नाव नाही, स्मृती नाही. पाठीवर गोंदलेला मजकूर हीच पूर्वीच्या स्वतःने ठेवलेली चिठ्ठी. हळूहळू उलगडते की तो असंख्य वेळा मेला आहे आणि पुष्कळदा निराळाच मनुष्य होऊन उठला आहे. कधी तो निष्ठुर व्यवहारी होता, कधी संशयाने पिसाटलेला. जे सोबती त्याला आज भेटतात त्यांतील काहींची आयुष्ये त्याच्या मागील अवतारांनी उद्ध्वस्त केलेली आहेत. डॅक्कन हा योद्धा एका शब्दाने त्याला बांधला गेला आहे, आणि तो शब्द ज्याने फसवून घेतला तो हाच, पण याला ते आठवत नाही. आणखी भयंकर गोष्ट अशी की त्याच्या प्रत्येक मरणाची भरपाई दुसऱ्या कोणाच्या तरी मरणाने झालेली आहे, आणि ते मेलेले जीव छायारूपाने त्याचा माग काढीत आहेत.

पुनरारंभी खेळणाऱ्याची जी सवय, तीच येथे कथावस्तू झाली आहे. इतर खेळांत टाकलेले पात्र जगाच्या स्मृतीतून निःशेष पुसले जाते आणि ते केवळ खेळणाऱ्याला आठवते. येथे उलट आहे. नायक विसरतो, जग विसरत नाही. कर्मविपाकाची कल्पना अंगवळणी पडलेल्या मराठी वाचकाला या रचनेचे मर्म चटकन कळावे. कर्माचा कर्ता स्मृतीने ठरतो की फळाने, हा जुना प्रश्न तिने तत्त्वचर्चेत न अडकता प्रसंगांतून विचारला आहे. २०१५ मधील ‘अंडरटेल’ या खेळातही पुसलेला आरंभ आठवणारे पात्र आहे, परंतु तेथील योजना चातुर्याकडे अधिक झुकते. ‘टॉरमेंट’मध्ये ती शोकाकडे जाते.

धाराशिव जिल्ह्यात, किंबहुना सबंध मराठवाड्यात, पुन्हा आरंभ करणे या शब्दांना एक कठोर अर्थ आहे, आणि तो येथे नजरेआड करता येत नाही. मृगाच्या सरींवर पेरणी होते, उगवण दिसते, मग पाऊस ओढ देतो आणि कोंब करपतात. दुबार पेरणी म्हणजे तेच शेत, पण बियाणे पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि हंगामाचे गेलेले दिवस मात्र परत नाहीत. येथे आरंभ हा खर्चाचा विषय आहे. अशा प्रदेशातील तरुणाला बिनखर्चाच्या आरंभाची ओढ वाटली तर तिला व्यसन म्हणून हिणविणे हा समजुतीचा अभाव होय. ज्याला प्रत्यक्षात एकच पेर मिळते त्याने पडद्यावर वीस पेरण्या केल्या तर त्यात दिलासा आहे. पण दिलासा आणि रसनिष्पत्ती या दोन वस्तू वेगळ्या आहेत. जे फुकट पुसता येते त्याविषयी शोक होत नाही, आणि शोकाचा स्थायीभावच नसेल तर करुण कोठून निष्पन्न होणार? ‘टॉरमेंट’ने मरणाला किंमत लावली म्हणून ते करुणापर्यंत गेले. ‘स्कायरिम’ने काहीच लावली नाही, म्हणून ते अद्भुतावर थांबले.

किंमत लावण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे परतीची वाट बंद करण्याचा. १९८० च्या ‘रोग’ या खेळात मेलेले पात्र मेलेच. ‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यात ‘ऑनर मोड’ ही रीत घालण्यात आली. तीत एकच नोंद राहते, मागे जाऊन घेतलेला निर्णय फिरविता येत नाही, आणि सारी टोळी पडली तर तो मान गेला. याच जिल्ह्यातील तेर गावच्या कुंभाराला या योजनेचे नवल वाटले नसते. चाकावरचे कच्चे भांडे मोडून त्याची माती पुन्हा भिजविता येते, आव्यातून निघालेले भांडे फुटले तर त्याची खापरेच होतात. पुनरारंभी खेळणारा आपली माती भाजण्याचे टाळतो, कारण ओली आहे तोवर ती काहीही होऊ शकते.

गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला असता त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके थापटून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या कथेचा उत्तरार्ध येथे अधिक उपयोगी आहे. कच्चे ठरल्यावर विसोबा खेचरांकडे गेला तो तोच रुसलेला, अपमानित नामदेव. त्याच्या जागी दुसरा कोणी घडविला गेला नाही. पात्र जेथे कच्चे दिसते तेथूनच त्याला पुढे नेणारा प्रसंग संहितेत आहे की नाही, ही कसोटी भूमिकाप्रधान खेळांना लावता येईल, आणि बहुतेक खेळ तीत उणे पडतील. खेळणारा कोणत्या प्रसंगापाशी पात्र सोडतो, सोडताना त्याने त्यासाठी काय रचून ठेवले होते आणि पुढचे पात्र घडविताना त्यातले काय उचलले, याची नोंद एखाद्या पदव्युत्तर अभ्यासकाने जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मदतीने पद्धतशीर केली, तर गर्भसंधीविषयीचे येथे मांडलेले अनुमान तपासून पाहता येईल.