दगडू आणि ‘आतले मूल’

आपल्या आत एक मूल दडलेले असते. कामाने जीव शिणला की त्याला जाऊन भेटावे, म्हणजे माणूस पुन्हा ताजातवाना होतो, हा विचार सध्या शहरी सुशिक्षितांत रुजतो आहे. गेल्या जूनमध्ये उपनगरातल्या आमच्या महाविद्यालयात याच विषयावर अध्यापकांचे शिबिर झाले. डोळे मिटा, सात वर्षांचे व्हा, त्या मुलाच्या हाती त्याचे आवडते खेळणे द्या, असे आम्हाला सांगण्यात आले. मी डोळे मिटले. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावरची पहाट समोर आली. सात वर्षांचा मी नळाच्या रांगेत हंडा धरून उभा होतो. मी हाक मारली. त्याने वळून पाहिले नाही. वळला असता तर नंबर गेला असता.

ही व्यक्तिगत हकीकत सांगण्याचे कारण एवढेच, की तिच्यातून एक वाङ्मयीन प्रश्न उभा राहतो. ज्या बालपणाकडे परत जायला सांगितले जाते, ते बालपण कोणाचे?

या विचाराला परंपरा आहे. कार्ल युंगने १९४० च्या सुमारास ‘बालक’ या आदिबंधावर लिहिले. ॲलिस मिलर यांचे मुलाच्या दडपलेल्या दुःखावरचे पुस्तक १९७९ साली जर्मन भाषेत आले, आणि जॉन ब्रॅडशॉ यांच्या ‘होमकमिंग’ या १९९० च्या पुस्तकाने हा विचार अमेरिकेत लोकप्रिय केला. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. लहानपणी गिळलेले दुःख मोठेपणी वेगळ्या वाटेने वर येते, हे आपण आपल्या वस्त्यांतही पाहिले आहे. परंतु या विचारातले मूल प्रामुख्याने आईबापांच्या चार भिंतींत जखमी होते. आपल्या मुलाच्या घरातही मार होता, दारू होती. पण त्याचा पहिला मोठा अपमान बहुधा पाणवठ्यावर, शाळेत किंवा पंगतीत झाला. त्या जखमेचा कर्ता समाजव्यवस्था आहे. तिचे नाव शिबिरात एकदाही निघाले नाही.

मराठीत या मुलाची भेट फार आधी झालेली आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ ग्रंथालीने १९७८ साली प्रसिद्ध केले. त्याची रचनाच अशी, की दगडू मारुती पवार बोलतो आणि शिकलेला, लेखक झालेला दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे हे दोन भाग आहेत. दगडू काही केवळ मूल नाही. गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना पाठीवर घेऊन तो आला आहे. शूद्राचे नाव जुगुप्सा वाटावी असे असावे, हा मनुस्मृतीचा दंडक. ‘दगडू’ हे नाव त्याच व्यवस्थेची देणगी आहे. त्या नावाला पुन्हा हाक मारणे म्हणजे जुना हिशेब उघडणे होय. दगडू दया पवारांचा शीण घालवायला येत नाही, उलट त्यांची झोप उडवतो. तरीही त्याचे बोलणे ऐकल्यावाचून लेखकाला पुढे जाता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९०१ च्या सुमारासचा कोरेगावचा प्रवास आहे. वडिलांकडे निघालेली मुले नवे सदरे, चकचकीत टोप्या, नवे जोडे घालून आयुष्यात प्रथमच आगगाडी पाहतात. मसूर स्टेशनावर जात कळते आणि बैलगाडीवाले न्यायला नकार देतात. शेवटी दुप्पट भाड्यावर गाडी मिळते, पण रात्री जवळ अन्न असूनही पाणी मिळत नाही. मुले उपाशी झोपतात. सुमारे पस्तीस वर्षांनी हे लिहिताना बाबासाहेबांना त्या टोप्या आणि ते जोडे आठवतात, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हरखलेले मूल आणि तहानलेले मूल तिथे वेगळे काढता येत नाही. हरखलेले होते म्हणूनच तहान इतकी खोल गेली.

इथे आपल्या समीक्षेलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. ‘बलुतं’, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ शिकवताना मी वर्षानुवर्षे फळ्यावर जखमांचीच यादी लिहिली. बेबीताईंनी आषाढातल्या महारवाड्याची लगबग लिहिली आहे. उर्मिलाताईंनी रत्नागिरीच्या बाजाराला ओझी घेऊन निघालेल्या बायांची थट्टामस्करी लिहिली आहे. ते सारे मी ‘तपशील’ म्हणून ओलांडून गेलो. एका विद्यार्थिनीने मला विचारले, ‘सर, ही मुलं कधी खेळलीच नाहीत का?’ मला उत्तर देता आले नाही. प्रस्थापितांनी आपल्या बालपणाकडे पाहिले नाही, आणि आपण त्या मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून पुन्हा खाली उतरूच दिले नाही. दोन्हीकडे खेळ त्याच्या वाट्याला आला नाही.

राहिला शीण. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना त्याला रोग म्हटले नाही, कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न निस्तरलेल्या ताणाचा तो परिणाम आहे, असे म्हटले. शिबिरात माझ्या शेजारी बसलेले दोघे तासिका तत्त्वावर शिकवतात. मीही सात वर्षे तसाच शिकवत होतो. तासांचे मोजून पैसे, सुट्टीत तेही नाहीत. त्यांच्या थकव्याचे कारण त्यांच्या बालपणात शोधणे म्हणजे कामाच्या ठिकाणाला मोकळे सोडणे आहे. शिबिराच्या शेवटी अभिप्रायाचा कागद आला, त्यावर मी लिहिले, ‘रिक्त पदे भरावीत.’

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. काही दिवसांनी आईशी बोलताना मला आठवले, की हंड्यांच्या रांगेमागे आम्ही पोरे गोट्या खेळायचो. नंबर जवळ आला की कोणीतरी ओरडायचा आणि आम्ही डाव तसाच टाकून धावायचो. पाणी भरून झाले की परत येऊन तोच डाव पुढे खेळायचो. ते मूल मला आता दिसते. त्याचा हंडाही खरा आणि गोट्याही खऱ्या. आपल्या साहित्याने दोन्ही लिहिले आहे. वाचताना आपण अर्धेच उचलले. पुढच्या सत्रात फळ्यावर मी दुसरी यादीही लिहिणार आहे.