शेणी, सरण आणि रक्षा

वारीत दुपारच्या विसाव्याला आमच्या दिंडीतले आबा चहाचा पेला खाली ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "माझ्या वेळेला लाकडे जाळू नका. शहरात विजेची दाहिनी आहे, तिथे न्या." आबा माझे चुलते. पन्नासेक वर्षांची माळ, एकही आषाढी चुकलेली नाही. क्षणभर टाळसुद्धा थांबले.

मग सगळे एकदम बोलू लागले. "आबा, विजेवर नेले तर पाणी कोण फिरवणार? मडके कुठे फोडायचे?" एक मृदंगवाले म्हणाले, "माळकऱ्याला जाळायचेच कशाला? माउलींसारखी समाधी द्यावी." कॉलेजात जाणारा नातू देहदानाचे बोलला. आबा हसून म्हणाले, "ठरवून सांगा. मला घाई नाही."

या वादात प्रत्येकाने संतांचा दाखला दिला, आणि बहुतेकांनी तो अर्धवट दिला. म्हणून हे लिहायला बसलो.

आपल्याकडे दहाव्याच्या कीर्तनात तुकोबांचा एक अभंग हमखास घेतात, ज्यात ते स्वतःचीच अंत्ययात्रा सांगतात. कीर्तनकार त्यातून लगेच वैराग्याकडे वळतात आणि तपशील मागे राहतो. तो तपशील पाहावा. रडणारे आप्त आहेत, पण ते काम, क्रोध आणि माया. अग्नी आहे, तो ज्ञानाचा. घट फिरवून फोडला जातो, बोंब होते, तिळांजळी दिली जाते. स्मशानातला एकही विधी सुटलेला नाही. मात्र सरणाला लाकूड नाही. शेणी आहेत, आणि त्या शेणी म्हणजे वैराग्य.

यावरून तुकोबांना वृक्षप्रेमी ठरवून टाकू नये. त्यांचे वृक्षप्रेम दुसरीकडे दिसतेच. इथे शेणी आल्या त्या गरिबाघरचे सरण तेच म्हणून. १६३० च्या दुष्काळात ज्याने पहिली बायको गमावली, त्याला स्मशान उपमेसाठी शोधावे लागले नव्हते. पण उपमा म्हणूनही शेणीच का, याचे उत्तर आमच्या आईने दिले असते. लाकूड त्या दिवशी वखारीतून आणता येते. शेणी आयत्या वेळी होत नाही. रोज थापावी लागते, उलटावी लागते, उन्हात वाळवावी लागते, पावसाआधी रचून झाकावी लागते. मेल्यादिवशी ओली शेणी काय कामाची? वैराग्याचेही तसेच आहे, हे तुकोबांनी एका शब्दात सांगितले आणि आम्ही तो शब्द ओलांडून पुढे गेलो.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. पंचगंगेकाठच्या स्मशानात शेणीवरच दहन होते, आणि होळीला लोक होळी लहान करून शेणी स्मशानाला दान देतात. एका देहाला लाकूड लागते तीनशे-चारशे किलो. पावसाळ्यात ते ओले असले तर रॉकेल आणि टायर घालून कसे पेटवतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांनी शास्त्राच्या गोष्टी जरा जपून कराव्यात.

आता विजेचे. दाहिनीत तास-दीड तासात काम होते, झाड तुटत नाही, राख लगेच हाती येते. आपल्याकडची बरीचशी वीज कोळशावरच होते, हे खरे. तरी शहरात दाटीवाटीच्या वस्तीला तोच शहाणा मार्ग आहे. पाणी फिरवण्याचे म्हणाल तर ते दाहिनीच्या दाराशीही फिरवता येते, लोक फिरवतातही. तुकोबांनी घट फोडला तो तरी कोणत्या ओट्यावर?

समाधीचा दाखला मात्र मला पटत नाही. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत जे झाले ते नामदेवरायांच्या समाधीच्या अभंगांत सविस्तर आहे. नामदेवांची मुले जागा झाडून स्वच्छ करतात, निवृत्तिनाथांना शोक आवरत नाही, सगळा संतमेळा रडतो. तिथे कोणी प्रेत पुरत नाही. जिवंत योगी आपल्या पायांनी आत जाऊन बसतो. नाथबाबांनी शके १५२१ मध्ये पैठणला गोदेत देह ठेवला असे परंपरा सांगते, म्हणून कोणी आपल्या वडिलांना नदीत सोडत नाही. मग माउलींचाच दाखला घेऊन गेल्या महाराजांवर सिमेंटचा चौथरा, वर संगमरवर, पुढे दानपेटी, हे कुठून आले? साधे पुरणे निराळे. लिंगायत, महानुभाव, गोसावी यांच्यात मातीच देतात. त्यात सरपण लागत नाही, काँक्रीट घातले नाही तर माती मातीत मिळते, आणि त्याला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. फक्त विहिरीपासून आणि ओढ्यापासून जागा लांब हवी.

आणि चोखोबा? १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली. ढिगाऱ्याखाली सगळ्यांची हाडे एक झाली. नामदेवरायांनी एकेक हाड कानाशी धरले, ज्यातून विठ्ठलनाम आले ती चोखोबांची म्हणून पंढरीला आणली. ही कथा आपण चमत्कार म्हणून सांगतो. मला त्यात नामदेवांचे वाकणे दिसते. ज्याला सरण मिळाले नाही, ज्याच्यावर विधी झाला नाही, जिवंतपणी ज्याला देवळात घेतले नाही, त्याची हाडे एक शिंपी उचलतो आणि महाद्वारासमोर ठेवतो. आजही कितीतरी गावांत जातीजातींची स्मशाने वेगळी आहेत. लाकूड की वीज हे ठरवणाऱ्या वारकऱ्याने आधी आपल्या गावच्या स्मशानात कोणाला ओटा मिळतो आणि कोणाला ओढ्याकाठची उघडी जागा, ते पाहून यावे.

देहदानासाठी हल्ली त्याच अभंगातले देह ज्याचा त्याला सोपवण्याचे चरण वापरतात. हा अर्थ ओढून आणलेला आहे. तुकोबांच्या मनात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. पण देहदान चांगले असायला तुकोबांची सही लागत नाही. फक्त नातूबाबांनी आधीच चौकशी करावी. शवविच्छेदन झालेला किंवा काही आजारांचा देह महाविद्यालय घेत नाही, आणि त्या वेळी घरचे नको म्हणाले तर भरलेला अर्जही तसाच राहतो.

राहिली रक्षा. चंद्रभागेच्या वाळवंटात पहाटे स्नानाला उतरावे तर पायाला काय लागते ते सांगायला नको. हार, उशी, कपडे, प्लॅस्टिकची पिशवी. इंद्रायणीचा फेस तर आळंदीकर रोज बघतात. तो कारखान्यांचा आणि गावांच्या सांडपाण्याचा आहे, म्हणून आपली पिशवी माफ होते असे नाही. तुकोबांच्या त्या अभंगात शेवटी रक्षा होते आणि दिवा उजळतो. नदी त्यात कुठेच नाही. सातारा-सांगलीकडे बरीच घरे आता रक्षा शेतात पसरतात, खड्ड्यात घालून वर आंबा लावतात.

हे सगळे मी आबांना वाचून दाखवले. लाकूड नको हे त्यांचे पक्के होते. शेणीवर ते खूश झाले. सुनेला म्हणाले, आतापासून थापायला घे, आणि तिने डोळे पुसले. रक्षा बांधावरच्या जांभळाखाली, हेही मान्य. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "एक हाड तरी पंढरीला न्या रे. एवढेसे." मी चंद्रभागेचे पुन्हा बोललो. ते म्हणाले, "माहीत आहे मला."

कागद लिहून झाला आहे, हरिपाठाच्या पुस्तकात ठेवला आहे. ती एक ओळ अजून कोरी आहे.